तारखात्यातली नोकरी, म्हातारपण आणि कुणालाच न सांगितलेल्या बातम्या

कडकट्ट (मूळ लेख)

१४ जुलै २०१३ रोजी देशात शेवटच्या तारा स्वीकारल्या गेल्या आणि दुसऱ्या दिवसापासून ती सेवा बंद झाली. मोठ्या शहरांतल्या तार कार्यालयांपुढे तेव्हा रांगा लागल्या होत्या. आठवण म्हणून कित्येकांनी आपल्याच घरच्या पत्त्यावर तार केली. मी त्याआधीच निवृत्त झालो होतो. त्या दिवसाचे मला विशेष दुःख झाले नाही, कारण गावोगावी एसटीडीचे पिवळे बूथ उघडू लागले तेव्हापासूनच आमच्या टेबलावरचे फॉर्म कमी होत गेलेले मी पाहिले होते. आता मी पंचाहत्तरीला टेकलो आहे. पत्नीला जाऊन काही वर्षे झाली, मुले आपापल्या गावी आहेत, आणि अलीकडे त्या नोकरीत हाताखालून गेलेल्या तारांचा मजकूर रात्री-अपरात्री शब्दशः आठवू लागला आहे. त्याबद्दल सविस्तर लिहावे आणि इथल्या जाणत्या मंडळींचे म्हणणे ऐकावे, यासाठी हा धागा.

ज्यांनी हे काम पाहिलेले नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला मी पोस्ट आणि तार खात्यात टेलिग्राफिस्ट म्हणून लागलो. १९८५ साली खात्याची विभागणी झाली आणि आम्ही दूरसंचारकडे आलो. खिडकीवर फॉर्म यायचा, कारकून पत्त्यासकट शब्द मोजून पैसे घ्यायचा आणि मग फॉर्म आत आमच्याकडे यायचा. प्रत्येक शब्दाला पैसे पडत असल्यामुळे लोक खिडकीपाशी उभे राहून शब्द खोडत. 'ताबडतोब निघा' यातला 'ताबडतोब' ठेवायचा की काढायचा, यावर दोन भाऊ हलक्या आवाजात बोलताना मी ऐकले आहेत. साधी तार आणि दुप्पट दराची एक्सप्रेस तार असे दोन प्रकार होते, पण मृत्यूची तार आली की ती हातातल्या सगळ्या तारांच्या आधी काढायची असा दंडक होता आणि तो कुणी मोडल्याचे मला आठवत नाही.

तारेतला मजकूर टिंब आणि रेघ यांच्या मोर्स लिपीत जात असे. मोर्सचे यंत्र अक्षरे उच्चारत नाही. त्याचा दांडा खाली आपटतो तेव्हा एक ठोका पडतो आणि वर जातो तेव्हा दुसरा. या दोन ठोक्यांमधले अंतर थोडे असेल तर टिंब आणि जास्त असेल तर रेघ. नवशिका माणूस टिंब-रेघा मोजत बसतो. पुढे अक्षरे ऐकू येऊ लागतात, आणखी पुढे सबंध शब्द, आणि शेवटी अशी अवस्था येते की कान ऐकतो, पेन्सिल लिहिते आणि मन मध्ये कुठेच नसते. मी शेजारच्या सहकाऱ्याशी बोलता बोलता तार उतरवून घेत असे. काय लिहिले ते सही-शिक्क्याच्या वेळी फॉर्म डोळ्यांसमोर धरला की कळायचे. कुणाचा तरी बाप गेला ही गोष्ट माझ्या हाताने आधीच लिहून टाकलेली असे आणि मला ती त्यानंतर समजत असे. हा क्रम त्या काळात अगदी नेहमीचा वाटायचा. आज त्याचाच विचार सर्वांत जास्त येतो.

घरी यातले काही सांगायचे नाही, हा दुसरा दंडक. १८८५ च्या भारतीय तार कायद्याप्रमाणे तारेतला मजकूर बाहेर फोडणे हा कर्मचाऱ्यासाठी गुन्हा होता आणि नोकरीच्या पहिल्याच दिवसांत तो आमच्या मनावर पक्का बिंबवला गेला. लहान गावात याचा अर्थ फार वेगळा होतो. ज्या दुकानदाराकडून मी संध्याकाळी तांदूळ घेत होतो, त्याचा भाऊ मुंबईत गेल्याची तार माझ्या टेबलावर उतरलेली असे आणि ती घेऊन निघालेला शिपाई अजून वाटेत असे. मी तांदळाचे पैसे देऊन घरी येत असे. माझी पत्नी कधी काही विचारत नसे. मी जेवताना दुसऱ्यांदा भात घेतला नाही की तिला काय ते कळत असे.

दुसऱ्या टोकाचा माणूस त्याच्या 'हाता'वरून ओळखू येत असे, हे तारखात्यात काम केलेला कुणीही सांगेल. कुणी रेघ जरा लांबवतो, कुणी दोन अक्षरांमध्ये थबकतो. आमच्या जिल्ह्याच्या टोकाला एका छोट्या कार्यालयात एक गृहस्थ होते, ज्यांना मी आयुष्यात एकदाही पाहिले नाही. बरीच वर्षे रोज सकाळी लाईन उघडली की आम्ही एकमेकांना नमस्कार करत असू आणि ते तिकडच्या पावसाची खबर देत असत. एका सकाळी त्या कार्यालयातून नमस्कार आला तो परक्या हाताने आला. पहिल्या चार अक्षरांत मला कळले की हे ते नव्हेत. त्यानंतर त्या नव्या माणसाने पाठवलेली पहिली तार त्यांच्या मुलाच्या पत्त्यावर होती. मी ती उतरवून घेतली, शिक्का मारला, पुढे दिली, आणि दिवसभर काम केले. अंत्यविधीला जाण्याइतके आमचे नाते होते असे कुणी म्हटले नसते. पण नात्यातल्या कित्येकांचा आवाज मी आज विसरलो आहे आणि त्यांचा हात विसरलेलो नाही.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा मी सोलापुरात होतो. अनंत चतुर्दशीचे विसर्जन आटोपून माणसे झोपली होती आणि चारच्या सुमारास लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांतली गावेच्या गावे दगडमातीच्या घरांखाली गेली. पुढचे काही दिवस आमच्याकडे तारांचे ढीग लागले. मुंबई-पुण्याहून येणाऱ्या बहुतेक तारांत एकच प्रश्न असे: खुशाली कळवा. ज्या गावांच्या नावाने त्या येत होत्या, त्यांतल्या काही गावांत तार घेणारे घरच शिल्लक नव्हते. तेव्हा मोर्स मागे पडून टेलिप्रिंटर आला होता. त्यातून कागदाची पट्टी निघायची आणि ती डिंकाने फॉर्मवर चिकटवायची. त्या दिवसांत माझी बोटे डिंकाने इतकी चिकट झालेली असत की जेवताना घास सुटत नसे. 'पत्ता सापडत नाही' असा शेरा घेऊन परत आलेल्या तारा आम्ही पाठवणाऱ्यांना कळवत होतो. त्यांतले काही पत्ते मला आजही पाठ आहेत, आणि त्याच वेळी गेल्या वर्षी समोर राहायला आलेल्या कुटुंबाचे आडनाव मला दर वेळी विचारावे लागते.

पत्नी गेली त्या रात्री नातेवाइकांना मीच फोन केले. नंतर धाकटी बहीण म्हणाली, "दादा, तू मोजून पाच शब्द बोललास आणि फोन ठेवलास." तिचे खरे होते. आयुष्यभर ज्या शब्दांत इतरांच्या घरचे मृत्यू कळवले, तेच शब्द आपोआप ओठांवर आले आणि आपल्या घरच्या मृत्यूसाठी माझ्याकडे वेगळे शब्द नव्हते. तिच्यानंतरच हे जुने मजकूर आठवू लागले. मला असे वाटते की नोकरीत जे दुःख बाजूला ठेवावे लागले, ते आता आपली जागा मागते आहे. त्याच वेळी हेही मान्य केले पाहिजे की त्या कामाचा मला आजही आधार आहे. झोप लागत नाही तेव्हा बोटांनी गादीवर माणसांची नावे मोर्समध्ये वाजवत पडतो आणि मन शांत होते.

ज्यांच्या कामात इतरांचे दुःख रोज हाताळावे लागले, अशा इथल्या निवृत्त मंडळींना उतारवयात असे काही होते का?

लाल_माती

काका, आपला लेख वाचून झाल्यावर मी बराच वेळ काही लिहू शकले नाही, कारण आपण ज्या तारा टेबलावरून पुढे देत होतात, त्या पोचवणाऱ्या माणसाची मी मुलगी आहे. माझे वडील रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका शाखा डाकघरात ईडी, म्हणजे एक्स्ट्रा डिपार्टमेंटल (नियमित नोकरीत नसलेले) कर्मचारी होते. डाकेबरोबर तारही तेच पोचवत. आमच्याकडे वाड्या एकमेकींपासून लांब, मध्ये सडे (कातळाची माळराने), व्हाळ (ओढे) आणि पावसाळ्यात वाहून जाणारे साकव (लाकडी पूल). सायकल रस्त्यापर्यंत, पुढे पायी.

त्या काळी आमच्या गावातल्या बहुतेक घरांतला एक तरी पुरुष मुंबईला गिरणीत असे. परळ-लालबागच्या चाळीतल्या खोलीचा नंबर गावातल्या बायकांना स्वतःच्या जन्मतारखेपेक्षा पक्का ठाऊक असे. त्यामुळे वडील आडवेळेला कुणाच्या पाणंदीत शिरले की त्या घरी रडणे सुरू होई. कागद उघडायच्या आधीच. म्हणून मुलगा पास झाल्याची किंवा बाळंतपण सुखरूप झाल्याची तार असेल तर ते गडग्यापलीकडूनच (दगडी कुंपणापलीकडूनच) "बरी तार आसा" असे ओरडत. ते ओरडले नाहीत तर काय समजायचे, हे साऱ्या वाडीला माहीत होते. मजकूर फोडू नये हा नियम त्यांनाही होता, पण त्यांचे गप्प राहणेच लोकांना वाचता येऊ लागले. याचा त्यांना फार त्रास होत असे.

आता मला जे सांगायचे आहे ते थोडे आपल्या विरोधात आहे, तरी सांगते. कामाच्या आठवणीचा आधार वाटतो असे आपण लिहिले आहे. माझ्या वडिलांना स्मृतिभ्रंश झाला आहे. कुठल्या वाडीत कुणाचे घर, त्या घराच्या अंगणात फणस होता की रतांबा, कुणाकडे कुठली बातमी दिली, हे ते आजही न अडखळता सांगतात. मला मात्र ते "तू कुणाची?" असे विचारतात. रात्री उठून बसतात, तार राहिली म्हणून दार उघडायला धावतात आणि मी अडवले तर माझ्यावर हात उगारतात. त्यांना आंघोळ घालते ती मी, जेवू घालते ती मी, आणि त्यांच्या मनात जागा आहे ती चाळीस वर्षांपूर्वीच्या परक्या दारांना. ईडी कर्मचारी म्हणून त्यांना खात्याचे नियमित निवृत्तिवेतनही मिळाले नाही. ज्या कामाने त्यांना इतके थोडे दिले, त्या कामानेच त्यांच्या स्मरणातली सगळी जागा व्यापावी, याचा मला राग येतो. आधार असेल तर तो त्यांना आहे. घरच्यांना त्याच गोष्टीचे ओझे होते.

न्यूरो_ओपीडी

मी मेंदूविकारांचा डॉक्टर आहे. या दोन्ही अनुभवांत एक गोष्ट समान आहे आणि तिचे शास्त्रीय स्पष्टीकरण बऱ्यापैकी निश्चित आहे, म्हणून लिहितो.

आपण 'आठवण' हा एकच शब्द वापरतो, पण मेंदू निरनिराळ्या प्रकारच्या आठवणी निरनिराळ्या ठिकाणी सांभाळतो. याचा सर्वांत प्रसिद्ध पुरावा हेन्री मोलेसन या अमेरिकी रुग्णाचा आहे. त्यांना अपस्माराचे झटके येत असत. १९५३ साली शस्त्रक्रिया करून त्यांच्या मेंदूच्या दोन्ही बाजूंच्या हिप्पोकॅम्पसचा (नव्या आठवणी साठवणाऱ्या भागाचा) मोठा भाग काढण्यात आला. झटके कमी झाले, पण त्यानंतर घडलेली कोणतीही गोष्ट त्यांच्या लक्षात राहीना. ब्रेंडा मिल्नर या मानसशास्त्रज्ञ बाईंनी त्यांना आरशात पाहून ताऱ्याची आकृती गिरवायला दिली. दिवसेंदिवस त्यांचा हात सुधारत गेला, आणि दर वेळी ते सांगत की हे काम आपण पूर्वी कधी केलेलेच नाही. म्हणजे हाताचे कौशल्य दुसऱ्या वाटेने साठत होते; त्यात मेंदूच्या तळाशी असलेल्या केंद्रांचा आणि लहान मेंदूचा मोठा वाटा असतो. मोलेसन २००८ साली वारले, तोवर त्यांच्यावरच्या अभ्यासाने स्मृतिविज्ञानाची दिशाच बदलली होती.

अल्झायमरमध्ये हिप्पोकॅम्पस आणि त्याच्या आसपासचा भाग सुरुवातीलाच बाधित होतो. म्हणून आजची सकाळ आधी जाते, आणि अनेक वर्षे हजारो वेळा केलेली कामे पुष्कळ काळ टिकतात. त्याखेरीज, माणसाला उतारवयात मागचे आठवायला सांगितले तर साधारण दहा ते तीस या वयातल्या आठवणी अधिक संख्येने येतात, असे अनेक अभ्यासांत आढळले आहे. लाल_माती ताई, आपल्या वडिलांनी आपल्याऐवजी परक्या दारांची निवड केलेली नाही. निवड करणारा भागच आजाराने गाठला आहे. हे वाचून आपला राग जाईल असे मी म्हणत नाही, आणि तो जावा अशी अपेक्षाही करणे योग्य नाही. पण रागाचा रोख आजाराकडे वळला तर रात्र थोडी सोपी जाते, असे मी अनेक घरांत पाहिले आहे.

कडकट्ट काका, आपल्याला जे होते आहे ते मला विसराळूपणापेक्षा शोकाच्या बाजूचे वाटते. तरी झोप वारंवार मोडत असेल, भूक कमी झाली असेल, तर एकदा तपासून घ्यावे. जीवनसत्त्व बी-१२ ची कमतरता, थायरॉइडचा विकार आणि नैराश्य यांनीही स्मरण मंदावते आणि या तिन्हींवर उपचार आहेत. ऐकू कमी येत असेल तर श्रवणयंत्र लावण्यात चालढकल करू नये. कमी ऐकू येणे आणि स्मृतिभ्रंश यांचा संबंध आता चांगला प्रस्थापित झाला आहे. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात साठीच्या पुढच्या माणसांत स्मृतिभ्रंशाचे प्रमाण सुमारे ७.४ टक्के आहे, म्हणजे जवळजवळ ८८ लाख माणसे, आणि शहरांपेक्षा खेड्यांत ते अधिक आहे. तज्ज्ञ मात्र बहुतेक शहरांत बसले आहेत. कोकणातल्या एखाद्या वाडीतून म्हाताऱ्या माणसाला तपासणीसाठी आणायचे म्हणजे काय, हे मी लाल_माती ताईंना सांगायला नको.

कडकट्ट

लाल_माती, तू मुलीच्या वयाची आहेस म्हणून एकेरी लिहितो. तुझे म्हणणे मला पटले. टेबलावर बसणाऱ्याला दुःख कागदावर भेटत होते. तुझ्या वडिलांना ते माणसाच्या तोंडावर पाहावे लागत होते. फॉर्म पुढे दिला की माझी जबाबदारी संपायची आणि त्यांची तिथे सुरू व्हायची. आमच्याकडे वेळ नोंदवण्याची फार शिस्त होती. तार किती वाजता आली, किती वाजता गेली, सगळे लिहिलेले. ती घेऊन जाणारा माणूस व्हाळ उतरेपर्यंत थांबला, भिजला, परत आला, याची नोंद ठेवायला रकाना नव्हता.

डॉक्टरसाहेब, तपासणी करून घेतो. कानाचे आपण बरोबर ओळखलेत. उजव्या कानाने कमी ऐकू येते आणि मुलगा दोन वर्षांपासून मागे लागला आहे.

निवृत्त_गुरुजी

मी सातारा जिल्ह्यात प्राथमिक शिक्षक होतो. तार टेबलावर उतरली, दारात पोचली, तरी ती शेवटी वाचायची कुणी, हा भाग राहिला, तो मी सांगतो. देवनागरीत तार करण्याची सोय होती, पण आमच्या गावात येणाऱ्या बहुतेक तारा इंग्रजीतच असत, आणि इंग्रजी वाचणारा म्हणून लोक कागद घेऊन शाळेत येत. वर्ग चालू असे. मुले समोर बसलेली, त्यांतलेच एखादे त्या घरातले.

एक रीत सगळ्यांना माहीत होती आणि तरी सगळे ती पाळत. माणूस गेलेला असला तरी तारेत 'प्रकृती गंभीर, लगेच निघा' असे लिहीत, म्हणजे प्रवासभर आशा राहावी. त्यामुळे 'गंभीर' हा शब्द मी वाचला की ऐकणारा माझ्या चेहऱ्याकडे पाही. खरे काय ते मला ठाऊक असेल असे त्याला वाटे. मला कागदावर होते त्यापेक्षा अधिक काहीही ठाऊक नसे. तरीही मी "गाडी किती वाजता आहे ते बघू" असे म्हणून विषय प्रवासाकडे नेत असे. तिकिटाचे पैसे, बरोबर कोण जाणार, जनावरांना वैरण कोण घालणार, यांत माणूस गुंतला की तेवढा वेळ निभून जाई.

फौजेच्या तारांत ही सवलत नव्हती. आमच्या भागात घरटी एक तरी जवान. डिसेंबर १९७१ च्या लढाईत आलेली एक तार मी वाचली आहे. मी नोकरीला नवीन होतो, चोवीस वर्षांचा. जवानाची आई तार घेऊन आली होती आणि तिने मला विचारले, "गुरुजी, रजा मिळाली का?" मुलगा रजेवर येणार असल्याची तार ती समजत होती. मी त्या दिवशी काय बोललो ते मला आठवत नाही, अजिबात आठवत नाही, इतकी वर्षे प्रयत्न करूनही. तिचा प्रश्न मात्र तिच्या आवाजासकट आठवतो. डॉक्टरांना विचारावेसे वाटते की आपण स्वतः बोललेले का पुसले जाते.

अलीकडे मला मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतरही वाचायला त्रास होतो. नातू बातम्या वाचून दाखवतो. तो एखादी बातमी वाचता वाचता थांबला की मी त्याला पुढचे सगळे वाचायला सांगतो, गाळू नकोस म्हणतो.

न्यूरो_ओपीडी

गुरुजी, आपल्या प्रश्नाचे नेमके उत्तर देता येणार नाही. तीव्र भावनेच्या क्षणी लक्ष एका गोष्टीवर खिळते आणि ती गोष्ट ठळक नोंदली जाते. कडेचे बरेचसे नोंदले जातच नाही. आपले लक्ष त्या माउलीवर होते. आपले शब्द पुसले गेले असे म्हणण्यापेक्षा ते मुळात साठलेच नसावेत, असे मला वाटते.

मस्कतचा_मुक्काम

मी तार घेणाऱ्यांपैकी आहे. १९८० च्या दशकात आखातात नोकरीला होतो आणि वडील गेल्याची तार मला तिथे मिळाली. ती हातात पडली तोवर गावी दहनही होऊन गेले होते. थोरल्या भावाने 'गंभीर' असे न लिहिता सरळ खरे लिहिले होते. यावरून मी पुष्कळ वर्षे त्याच्यावर नाराज होतो. गुरुजींनी सांगितलेली रीत आज वाचल्यावर उलट वाटते: मी वेळेवर पोचणार नव्हतोच, मग त्याने विमानभर मला आशेवर ठेवले असते तर अधिक वाईट झाले असते. भाऊ आता हयात नाही. तो कागद माझ्याकडे आहे, पट्टी चिकटवलेली जागा तपकिरी पडली आहे. कडकट्ट काकांचा लेख वाचेपर्यंत तो कागद कुणाच्या तरी हाताखालून गेला असेल आणि त्या माणसाने त्या दिवशी भात कमी खाल्ला असेल, असा विचार माझ्या मनात कधीही आला नव्हता.

लाल_माती

काही दिवसांनी पुन्हा लिहिते आहे. डॉक्टरांनी लिहिलेले मी आईला आणि भावाला वाचून दाखवले. राग गेलेला नाही, पण एक उपाय सापडला आहे आणि तो या धाग्यामुळेच सापडला.

कडकट्ट काकांनी वेळ नोंदवण्याबद्दल लिहिले होते. त्यावरून मला आठवले की तार दिली की वडील घेणाऱ्याची सही आणि वेळ घेत आणि ती चिठ्ठी शर्टाच्या खिशात घडी करून ठेवत. परवा रात्री ते तार राहिली म्हणून उठले तेव्हा मी अडवले नाही. दिवा लावला, वहीचा कागद फाडला, त्यावर एका वाडीचे नाव, वेळ आणि सही केली आणि म्हटले, "बाबा, तार पोचली, ही सही." त्यांनी कागद दिव्याजवळ नेऊन वेळ दोनदा पाहिली, खिशात ठेवला आणि ते आडवे झाले. त्यानंतरही बऱ्याच रात्री हे करावे लागले. एकदा त्यांनी सही ओळखली नाही आणि फार संतापले, तेव्हापासून मी खऱ्या माणसांची नावे लिहीत नाही, नुसता अंगठा उठवते. आमच्या गावात तेव्हा बरेच जण अंगठाच देत असत.

मला विचारायचे आहे ते असे, की ही फसवणूक होते का? आजारी माणसाशी रोज रात्री खोटे बोलायचे, हे मला जड जाते.

न्यूरो_ओपीडी

ताई, ही फसवणूक नाही. स्मृतिभ्रंश झालेल्या माणसाला त्या क्षणी वास्तवात ओढून आणायचा हट्ट धरला तर भीती आणि संताप वाढतात. त्यांच्या मनात एक काम अपुरे होते आणि आपण ते त्यांच्याच पद्धतीने पुरे केलेत. दाराला वरच्या बाजूस कडी लावून घ्या, रात्री खोलीत मंद दिवा ठेवा आणि दुपारी त्यांना फार वेळ झोपू देऊ नका. आणि आठवड्यातून एक रात्र तरी भावाला उठू द्या. काळजी घेणाराच आजारी पडलेली घरे मी पुष्कळ पाहतो.

निवृत्त_गुरुजी

मुली, जी रीत आम्ही सगळ्यांनी मिळून पाळली ती तू एकटीने पाळते आहेस, एवढाच फरक. मन घट्ट कर, पण अपराधी वाटून घेऊ नकोस.

कडकट्ट

अंगठ्याचे वाचून डोळे भरून आले. लाल_माती, वडिलांना माझा नमस्कार सांग. समजले नाही तरी सांग. त्यांच्या डाकघराच्या वरचे तार कार्यालय कोणते होते ते कळव. रत्नागिरीच्या लाईनवर मी काही काळ बदलीवर होतो आणि त्यांनी पोचवलेल्या तारांपैकी काही माझ्या हातच्या असणे शक्य आहे. तसे असेल तर तुला चिठ्ठीवर लिहायला मी त्या वेळचा खरा नमुना देऊ शकेन: क्रमांक, कार्यालय, वेळ, या क्रमाने. त्यांना तो क्रम ओळखीचा वाटेल आणि कदाचित संताप कमी होईल.

माझ्यापुरते मी एक ठरवले आहे. जे मजकूर आठवतात ते वहीत लिहून ठेवायला सुरुवात केली आहे, नावे आणि गावे गाळून. इतक्या वर्षांनीही गावाचे नाव लिहायला हात धजत नाही आणि ते बरोबरच आहे. त्या बातम्या ज्यांच्या होत्या त्यांच्याच राहिल्या पाहिजेत. पत्नीच्या मृत्यूचे मात्र मी धाकट्या बहिणीला या आठवड्यात पुन्हा फोन करून सांगितले, पहिल्यापासून, तिचा शेवटचा दिवस कसा गेला ते सगळे. तास उलटून गेला.

मोर्सच्या दिवसांत कोकणात काम केलेले कुणी इथे असतील तर त्यांनी कृपया लिहावे. पावसात लाईन तुटली की मृत्यूच्या तारा कोणत्या मार्गाने फिरवत, घाटावरून की समुद्रकाठच्या लाईनने, यावर माझी आणि एका जुन्या सहकाऱ्याची आठवण जुळत नाही, आणि आम्हा दोघांखेरीज विचारायला आता आमच्या तुकडीतले फारसे कुणी उरलेले नाही.